'शिक्षा' या शब्दाचे दोन अर्थ : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक प्रश्न

मराठीत 'शिक्षा' या शब्दाचा रूढ अर्थ दंड असा आहे. न्यायालय गुन्हेगाराला शिक्षा देते, पंतोजी अभ्यास न करणाऱ्या मुलाला शिक्षा करतात. हाच शब्द हिंदीत मात्र विद्यादानाचा वाचक आहे, आणि संस्कृतात तो सहा वेदांगांपैकी एकाचे, उच्चारशास्त्राचे, नाव आहे. 'शिक्षक' आणि 'शिक्षण' हे शब्द मराठीनेही त्याच धातूपासून घेतले. मूळ शब्द तेवढा छडीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. ही केवळ शब्दव्युत्पत्तीतील गंमत नव्हे. मराठी बायबलमध्ये इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तो कसे वागवितो हे सांगताना, हाच शब्द रूढ झालेला आहे. त्यामुळे मराठी वाचकाच्या कानी प्रथम येतो तो दंडाचा ध्वनी. घडणीचा अर्थ त्याला मागाहून, आणि काहीशा सायासाने, शोधावा लागतो. मराठी ख्रिस्ती साहित्याने हा शोध कसा घेतला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मूळ ग्रीक पत्रातील शब्द 'पैदेइया' असा आहे. 'पैस' म्हणजे मूल. त्यावरून मुलाचे संगोपन, त्याला वळण लावणे, विद्या देणे आणि प्रसंगी ताडन करणे, हा सर्व व्यापार त्या एका शब्दात सामावतो. पत्रकर्त्याने हा विचार नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातून उचलला असून तेथील हिब्रू 'मुसार' या शब्दालाही असाच दुहेरी अर्थ आहे. हे पत्र ज्यांना लिहिले ते स्वस्थ लोक नव्हते. विश्वासापायी त्यांनी निंदा सोसली होती, मालमत्तेची लूट पाहिली होती, आणि आता ते खचू लागले होते. त्यांना पत्रकर्ता तीन गोष्टी सांगतो. पहिली नात्याची : ज्याला वळण लावले जाते तो परका नसून पुत्र आहे. दुसरी हेतूची : ऐहिक पिते आपल्या समजुतीप्रमाणे थोडे दिवस शिक्षा करतात, देव मात्र आपल्या पवित्रतेत मनुष्याला सहभागी करून घेण्यासाठी ती करतो. तिसरी काळाची : कोणतीही शिक्षा तत्काली दुःखाचीच वाटते, तिचे फळ नंतर दिसते.

यांतील तिसरी गोष्ट वाङ्मयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. दुःख हे दुःखच आहे, असे पत्रकर्ता प्रांजळपणे कबूल करतो. फळाचे आश्वासन देताना तो वर्तमानातील वेदना पुसून टाकत नाही. याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तर प्रत्यक्ष पुत्रही दुःख सोसून आज्ञापालन शिकला, असे विधान आहे. ग्रीकमध्ये 'एमाथेन' म्हणजे शिकला आणि 'एपाथेन' म्हणजे सोसले, हे दोन शब्द यमकासारखे जवळ येतात. ज्या पुत्राच्या ठायी पाप नाही असे हे पत्र मानते, त्यालाही सोसून शिकावे लागले असेल, तर शिक्षेचा अर्थ केवळ अपराधाची परतफेड असा राहूच शकत नाही.

तरीही हा सिद्धांत धोक्याचा आहे, आणि तो धोका बायबललाच ठाऊक आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या राखेच्या ढिगाजवळ बसून त्याला हेच सांगतात की, देवाच्या शिक्षेचा अव्हेर करू नकोस. त्यांची वाक्ये तात्त्विकदृष्ट्या निर्दोष आहेत. तरी ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो त्यांच्यावर. जन्मांध मनुष्याला पाहून, पाप कोणाचे, असा प्रश्न शिष्य करतात, तेव्हा येशू त्या प्रश्नाची चौकटच नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठराजण इतरांहून अधिक पापी होते काय, याचेही उत्तर तो नकारार्थीच देतो. यावरून एक कसोटी हाती लागते. 'ही देवाची शिक्षा होती' हे वाक्य प्रथमपुरुषात उच्चारले तर ती साक्ष ठरते. द्वितीयपुरुषात उच्चारले की त्याचा आरोप होतो. सोसणाऱ्याने स्वतः, आणि तेही मागे वळून पाहताना म्हणावे, असे हे वाक्य आहे. मराठी ख्रिस्ती साहित्यातील श्रेष्ठ लेखन या कसोटीला उतरते काय, हे पाहावयास हवे.

हा विचार मराठीत आला तेव्हा भूमी अगदी कोरी नव्हती. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. दुखावलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्या अपमानातूनच त्यांना गुरू लाभला. यिर्मयाने कुंभाराच्या घरी जाऊन पाहिलेले चाक आणि गोरोबांचे थापटणे यांत अंतर असले, तरी घडविणारा हात दुखवितो, ही जाणीव दोहोंत समान आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, पत्नी अन्नावाचून गेली. आणि या साऱ्याला त्यांनी एका अभंगात 'बरे झाले' म्हटले. हे 'बरे' प्रथमपुरुषातले आहे, म्हणूनच ते आजही खरे वाटते. दुसऱ्या बाजूस, दुःखाला पूर्वकर्माचा हिशेब मानण्याची सवयही याच भूमीत खोल रुजलेली होती. हिशेब मागे पाहतो, संगोपन पुढे पाहते. मराठी ख्रिस्ती लेखकाला पहिला वारसा आपलासा करावयाचा होता आणि दुसऱ्याशी झगडावयाचे होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी तो वारसा जाणीवपूर्वक स्वीकारला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते सांगत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ताला अभंगाच्या भाषेत हाक मारली, आणि ती बहुधा माउली म्हणून मारली. इब्री लोकांस पत्रातील शिक्षा करणारा पिता टिळकांच्या काव्यात आईच्या रूपाने अवतरतो, हा बदल लहान नव्हे. आई मुलाला न्हाऊ घालताना मूल रडते; त्या रडण्यात अपराधाचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठी वाचकाच्या मनातील छडी दूर करण्याचे मोठे कार्य या एका संबोधनाने केले.

परंतु टिळकांच्या भक्तिकाव्याची मर्यादाही येथेच दिसते. त्यांच्या अभंगांत समर्पणाचा आनंद फार लवकर येतो. दुःख उच्चारले न उच्चारले तोच ते माउलीच्या पायी विसर्जित होते. पत्रकर्त्याने 'तत्काली' आणि 'नंतर' यांत जे अंतर राखले, ते टिळकांच्या उत्कट स्वभावाला सोसत नाही. गाण्याच्या दृष्टीने हा गुण आहे, आणि म्हणूनच मराठी मंडळ्यांत ही गीते पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. मात्र शिकण्याला लागणारा काळ त्यांत पुरेसा उमटत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तो काळ उमटला लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्यात. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीने धर्मांतर केल्यानंतर आपली झालेली अवस्था, लहान मुलासह काढलेले विरहाचे दिवस, सोवळ्याओवळ्याचा हळूहळू सुटत गेलेला पीळ, आणि १९०० मध्ये स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे सर्व त्यांनी ज्या रीतीने सांगितले आहे त्यात उपदेशकाचा सूर जवळजवळ नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्या स्वतःच्या गतीने चालत राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून सोडविला नाही. तो त्यांच्या मनात शिजत राहिला, आणि एके दिवशी त्यांना स्वतःलाच उत्तर सापडले. शिक्षेचा घडण हा जो अर्थ, तो कथनाच्या रूपात मराठीत प्रथम एवढ्या स्पष्टपणे येथे दिसतो.

लक्ष्मीबाईंचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते समीक्षकांनी बहुधा विनोदबुद्धीच्या सदरात टाकून दिले आहे. टिळकांचा संताप, त्यांचे घरातील वस्तू उचलून देऊन टाकणे, न सांगता निघून जाणे, हे सारे त्या निःसंकोच सांगतात. प्रेमाने सांगतात, हसून सांगतात. परंतु पतीच्या रागाला त्या देवाची छडी म्हणत नाहीत. टिळक हे त्यांच्या दृष्टीने देवाच्या हातातील साधन होण्यापूर्वी एक माणूस आहेत : मोठा, लहरी, रागावणारा आणि लगेच विरघळणारा माणूस. ज्या काळात पतीची मर्जी आणि देवाची इच्छा यांत अंतर करणे स्त्रीला शिकविले जात नव्हते, त्या काळात ही विवेकशक्ती असाधारण म्हटली पाहिजे. पत्रकर्त्याने ऐहिक पिता आणि स्वर्गीय पिता यांत जो भेद केला, तो त्यांनी आपल्या संसाराच्या चित्रणात कोठेही न बोलता पाळला. त्यांचा विनोद ही त्या भेदाचीच खूण आहे; देवाच्या जागी बसलेल्या माणसाला हसता येत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले, ते १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. ज्या वाटेने त्या प्रथम पतीमागून फरफटत गेल्या, तिच्या शेवटच्या टप्प्यावर त्यांनी पतीचे काम आपल्या पायांनी पुरे केले.

हाच भेद पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत उघड संघर्षाच्या रूपाने प्रकट होतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि अँग्लिकन चर्चमधील अधिकारी मंडळी यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्या पत्रांतील वादाचा गाभा हाच की, चर्चच्या शिस्तीला मान तुकविणे म्हणजे देवाला मान तुकविणे काय? सिस्टरांना रमाबाईंच्या प्रश्नांत अहंकार दिसत होता. नम्रता शिकणे हीच त्यांची आध्यात्मिक वाढ, असे त्यांचे मत होते. रमाबाईंचे उत्तर असे की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविल्यावर तसेच दुसरे जोखड आपण घेणार नाही. हे बंड देवाच्या शिक्षेविरुद्ध होते, असे मानणे चूक ठरेल. दुसऱ्याने आपल्या जिवावर द्वितीयपुरुषी वाक्य लादू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

याच रमाबाईंनी खऱ्या अर्थाने शिक्षा स्वीकारली, ती वेगळ्या ठिकाणी. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती; स्वतः उपासमार भोगली होती. पुढे भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पतीही गेले. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. अशी कबुली देणाऱ्या व्यक्तीला अहंकारी म्हणणे कठीण आहे. १८९६ मध्ये मध्य हिंदुस्थानात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा आपल्या जुन्या भुकेची आठवणच त्यांना तेथे घेऊन गेली. सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना त्यांनी आणले, आणि केडगावचे 'मुक्ती' त्यातून वाढले. भुकेने त्यांना भूक ओळखावयास शिकविले. हे सोसणे कशासाठी होते, या प्रश्नाला त्यांनी दिलेले सर्वांत सबळ उत्तर केडगावी उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेल्यावरही बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम थांबले नाही.

आता बाराव्या अध्यायाकडे पुन्हा वळू. शिक्षेविषयीचे विवेचन संपताच पत्रकर्ता जे सांगतो त्याकडे प्रवचनकारांचे अनेकदा दुर्लक्ष होते. गळलेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा, आणि जे लंगडे आहे त्याच्यासाठी वाट सरळ करा, असा त्याचा पुढचा आदेश आहे. म्हणजे शिक्षेचा स्वीकार निमूट बसण्यात संपत नाही. आपल्याला जे दुखले त्याने दुसऱ्याची वाट कमी दुखरी झाली, तरच ती शिक्षा शिकली गेली. ईयोबाच्या मित्रांजवळ तत्त्वज्ञान होते, पण त्यांनी वाट सरळ केली नाही.

या दृष्टीने पाहता मराठी ख्रिस्ती साहित्याने एका कठीण सिद्धांताला तीन स्वर दिले, असे म्हणता येईल. टिळकांनी त्याला आईची ऊब दिली, लक्ष्मीबाईंनी काळाचे भान आणि माणसाला माणूसच मानण्याचा विवेक दिला, रमाबाईंनी अन्य कोणाच्या अधिकाराला देवाच्या जागी बसू न देण्याचे धैर्य दिले. यांपैकी एकच स्वर घेतला तर सिद्धांत लंगडा होतो : केवळ ऊब म्हणजे भाबडेपणा, केवळ विवेक म्हणजे अलिप्तता, केवळ धैर्य म्हणजे एकाकीपण. आजही एखाद्या शोकाकुल घरात, एखाद्या मार खाणाऱ्या स्त्रीपुढे, 'देवाची इच्छा' म्हणून चटकन बोलणारे लोक असतात, आणि ते सर्व धर्मांत असतात. त्यांनी हे तीन लेखक शेजारीशेजारी ठेवून वाचले, तर 'शिक्षा' या शब्दाचा मराठीत हरवलेला अर्ध्याहून मोठा अर्थ त्यांना सापडेल. आणि तो सापडल्यावर दुसऱ्याच्या दुःखापुढे काही काळ गप्प बसणे हेही त्या अर्थातच येते, हे त्यांना कळेल.