वाहिनी एक होती तेव्हा

१९८८ साली दूरदर्शनवर गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ ही मालिका आली. नसीरुद्दीन शाह यांचा अभिनय आणि जगजित सिंग यांचे सूर यांमुळे उर्दू गझल तिची ओळख नसलेल्या घरांतही पोहोचली. खेड्यापाड्यांत तेव्हा वाहिनी एकच होती. मनोऱ्यावरून निघालेली लहर मोहल्ला आणि वाडी असा भेद करीत नव्हती.

२०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिचेच पुढे ‘भारतनेट’ झाले. २०१९ पासून जिओफायबर घरोघर इंटरनेटबरोबर टीव्हीही देऊ लागले. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश धावतो आणि ज्याला जे हवे ते त्याच्या घरी येते. मुशायरा आता केव्हाही ऐकता येतो. ही सोय मोठीच आहे.

पण महाड तालुक्यातल्या वीरला १९९३ साली कोकण रेल्वे आली, तिच्या डब्यात सगळे शेजारी एकत्र बसतात. फायबरमध्ये प्रत्येकाचा डबा वेगळा! आपला मुशायरा आपण ऐकतो. शेजाऱ्याला मात्र मुसलमान दिसतो तो बातम्यांतल्या भांडणापुरता. ‘गालिब’ने उघडलेला दरवाजा असा नकळत बंद होतो आहे.

दोष तंतूचा नाही. कोकणी मुसलमानाचे घर, त्याची बोली, त्याचे सुखदुःख मराठी मालिकेत कितीसे येते? शेजारीही आपणहून मागून पाहील असे काही आपल्या लेखकांनी लिहिले पाहिजे. रस्ता तयार आहे. त्यावरून पाठवायचे काय, हे आपणच ठरवायचे आहे.