दूरस्थ त्वचाचिकित्सा आणि पथकाची कल्पना : रनाळ्याच्या संदर्भात एक परीक्षण

दीर्घकालीन त्वचारोगाच्या चिकित्सेसाठी रुग्ण, त्याचा नेहमीचा वैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ ह्या तिघांना दूरसंपर्काने एकत्र जोडावे, ही कल्पना गेल्या दशकात बरीच प्रतिष्ठा पावली आहे. ह्या प्रतिष्ठेचा मुख्य आधार म्हणजे एप्रिल आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया व कोलोरॅडो येथे केलेला आणि २०१८ साली 'जामा नेटवर्क ओपन' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग होय. त्या प्रयोगाचे निष्कर्ष आपल्याकडे पुष्कळदा जसेच्या तसे उद्धृत केले जातात. ते नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्यासारख्या गावी कितपत लागू पडतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रयोगाची रचना निर्दोष नसली तरी प्रामाणिक आहे. सोरायसिस झालेल्या २९६ प्रौढ रुग्णांचे यदृच्छ पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाने नेहमीप्रमाणे दवाखान्यात जाऊन तज्ज्ञाची भेट घ्यावयाची. दुसऱ्या गटातील रुग्णांनी किंवा त्यांच्या वैद्यांनी छायाचित्रे व रोगवृत्त पाठवावयाचे आणि तज्ज्ञाने आपल्या सवडीने, परंतु लवकर, उत्तर द्यावयाचे. बारा महिन्यांच्या काळात रोगतीव्रतेच्या अंकात जो सरासरी बदल झाला त्यात दोन्ही गटांतील फरक अवघा ०.२७ एवढाच होता. सबब दोन्ही पद्धती समतुल्य ठरल्या.

समतुल्य, परंतु कशाशी? आमच्या मते ह्या प्रश्नापाशीच सारे अडते. कॅलिफोर्नियातील तुलना दूरस्थ तज्ज्ञ आणि समोरचा तज्ज्ञ ह्यांच्यातील होती. रनाळ्यातील शेतमजुरास समोरचा तज्ज्ञ हा पर्याय सहजासहजी उपलब्धच नाही. त्याच्यापुढील खरा पर्याय म्हणजे औषधांच्या दुकानातील मलमाची नळी. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक ही तिन्ही एकत्र घोटलेली ही मलमे लावताच खाज थांबते, म्हणून ती लोकप्रिय आहेत. आणि नायटा त्यांच्याखाली शांतपणे पसरत जातो. भारतातील हट्टी नायट्यामागे ह्या मलमांचा दुरुपयोग हे एक प्रमुख कारण आहे, ह्याविषयी त्वचारोगतज्ज्ञांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. ज्या बुरशीमुळे हा उपद्रव वाढला तिला २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव मिळाले, हा आपल्या देशास लाभलेला मान काही भूषणावह नव्हे! आर्मस्ट्राँग ह्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइडांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. कायदा झाला, दुकानाच्या फळीवर त्याचा अंमल किती होतो, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. तेव्हा खानदेशात असा प्रयोग करावयाचा झाल्यास दूरस्थ पथकाची तुलना ह्या फळीशी व्हावयास हवी. त्या तुलनेत पथकाची सरशी होण्याचा संभव कॅलिफोर्नियातील बरोबरीपेक्षा पुष्कळच मोठा आहे. म्हणजे मूळ संशोधकांनी जो दावा केला त्याहून आपला दावा अधिक बळकट ठरू शकतो; मात्र तो निराळा आहे आणि निराळ्या पुराव्यानेच सिद्ध व्हावयास हवा.

दुसरा आक्षेप मापनाचा. सोरायसिसची तीव्रता मोजण्याच्या 'पासी' ह्या प्रचलित पद्धतीत डोके, हात, धड आणि पाय ह्यांना अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३ व ०.४ असे भार देऊन लाली, जाडी व पापुद्रे ह्यांचे गुण मांडतात. कमाल गुण ७२. प्रयोगात हा अंक रुग्णाने स्वतः भरलेल्या नमुन्यावरून काढला होता. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णास ठाऊक असताना त्याचाच कौल मुख्य पुरावा मानणे कितपत योग्य, ही शंका कोणीही घेईल. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सावळ्या त्वचेवर 'लाली' लाल दिसत नाही. ती जांभळट किंवा करडी दिसते. मंद उजेडात काढलेल्या छायाचित्रात तर ती बहुधा हरवतेच. गोऱ्या कातडीवर घडलेले माप येथे आणताना ते पुन्हा घडवावे लागेल.

परंतु छायाचित्राची सर्वांत मोठी मर्यादा रंगाची नसून स्पर्शाची आहे. खानदेशात एखाद्या फिकट चट्ट्याचा विचार करताना कुष्ठरोगाची शक्यता प्रथम मनात यावयास हवी. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही असे २००५ च्या अखेरीस ठरविण्यात आले. तथापि रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता आणि नाही. कुष्ठरोगाचे निदान चट्टा पाहून पुरे होत नाही. कापसाचा बोळा फिरवून संवेदना आहे की नाही हे पाहावे लागते. कोपराजवळची शीर जाड झाली आहे का हे बोटांनी चाचपावे लागते. जगातील कितीही निष्णात तज्ज्ञ पडद्यापलीकडे बसला तरी त्याला हे करता येणार नाही. म्हणून रनाळ्याच्या पथकात गावातील एक शिकलेला हात हवा. तो हात आशा कार्यकर्तीचा असो वा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा, पण तो पथकाचा सदस्य असला पाहिजे. केवळ छायाचित्रे पोहोचविणारा हरकाऱ्या नव्हे.

ह्याच व्यक्तीकडे आणखी एक काम येते, ज्याची कॅलिफोर्नियातील प्रयोगास गरज भासली नाही. नंदुरबारला मिरचीचा मोठा व्यापार आहे आणि पथाऱ्यांवर मिरची निवडणाऱ्या स्त्रियांचे हात दिवसभर तिखटात असतात. अशा हाताचे छायाचित्र पाहून कोणी इसब म्हणेल, कोणी सोरायसिस; हात कोठे राबतात हे सांगणारे माणूस जवळ असल्यास निदानाची दिशाच बदलेल. रुग्ण ते सांगतो भिलीत किंवा अहिराणीत, लिहिले जाते मराठीत आणि तज्ज्ञ वाचतो इंग्रजीत. ह्या दोन पायऱ्यांत काय गळते, ह्याचा अभ्यास आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

सरकारी 'ई-संजीवनी' सेवेचा येथे उल्लेख आवश्यक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉक्टर-ते-डॉक्टर स्वरूपात आणि एप्रिल २०२० मध्ये थेट रुग्णांसाठी ती सुरू झाली. उपकेंद्रातून मोठ्या केंद्रातील डॉक्टरशी बोलता येते, ही सोय लहान नाही. परंतु तिची घडण एका भेटीची आहे. जो डॉक्टर मोकळा तो मिळतो. पुढच्या वेळी दुसरा. तापासाठी हे चालते. सोरायसिससारख्या वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या रोगात मागचा चट्टा कसा होता हे आठवणारे कोणीतरी लागते, आणि पथक ह्या शब्दाचा अर्थ आम्ही तोच घेतो.

ह्यात प्राणाची गोष्ट आहे. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरील स्वस्त आणि गुणकारी औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. शिवाय रक्त व यकृत ह्यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते. दूरस्थ तज्ज्ञाने चिठ्ठीत 'आठवड्यातून एकदा' असे लिहिले, म्हणून काम झाले नाही. तो वार कोणता, हे घरी जाऊन ठरवून देणारा, उदाहरणार्थ बाजाराचा वार धरून देणारा, आणि तपासणीची तारीख ध्यानात ठेवणारा मनुष्य गावातच हवा.

आता स्थलांतराविषयी. जिल्ह्यातील पुष्कळ आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. दवाखान्यातील कागद तोपर्यंत मागेच राहतो. आर्मस्ट्राँग ह्यांच्या पद्धतीचा जो विशेष तेथे सोयीचा मानला गेला, म्हणजे रुग्ण आणि तज्ज्ञ ह्यांनी एका वेळी हजर असण्याची गरज नसणे, तो येथे निर्णायक ठरू शकेल. बारडोलीच्या पडावावरून पाठविलेले छायाचित्र रनाळ्याच्याच नोंदीत जाऊन बसले तर उपचार खंडित होणार नाही. मूळ प्रयोगात इंटरनेट आणि छायाचित्रयंत्र ज्यांच्याजवळ आहे अशांनाच प्रवेश होता. ऊसतोडीच्या पडावावर एका कुटुंबात एक भ्रमणध्वनी, तोही बहुधा पुरुषाच्या खिशात, अशी स्थिती असते. मिरची निवडणाऱ्या त्या स्त्रीला आपल्या हाताचे छायाचित्र कोणाकडून काढून घ्यावे लागते, आणि अंगावरच्या झाकलेल्या चट्ट्याचे ती काढू देईल का, हा प्रश्न पुढील कोणत्याही प्रयोगाच्या आराखड्यात पहिल्या पानावर असावा.