फोन्सेकांच्या मरियेचा गव्हाळ वर्ण

अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांच्या चित्रांविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले गेले, त्यात मरियेच्या साडीचीच चर्चा अधिक झाली. साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची देवमाता पाहून गोव्यातील भाविक दुखावले. पुढे त्याच साडीची आपण प्रशंसा करू लागलो. निषेध आणि प्रशंसा दोन्ही वस्त्रापाशीच थांबल्या. तो वर्ण कोणत्या रंगविद्येतून आला, हा प्रश्न मागेच राहिला.

मूळ गोव्याचे फोन्सेका बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासातून घडविलेली ‘वॉश’ पद्धत त्यांनी आत्मसात केली. या पद्धतीत रंगांचे खरे मीलन कागदावर होते. पातळ रंगाचा हात द्यावा, तो वाळला की कागद पाण्याने भिजवावा. वरवरचा रंग निघून जातो, तंतूंत मुरलेला राहतो. मग दुसरा हात. खालचा पिवळा वरच्या तांबड्यातून दिसतो. निळ्याचा विरळ हात दोघांचा भडकपणा शमवितो. गव्हाळ वर्ण असा साधतो. त्यात तिन्ही मूळ रंग असतात, पण वर्चस्व कोणाचेच नसते.

कागदभर पसरलेल्या त्या छटांमुळे मुख, वस्त्र आणि पार्श्वभूमी यांचे नाते जुळते. म्हणूनच फोन्सेकांची मरिया भारतीय वेष केलेली परदेशी स्त्री वाटत नाही. देहधारणाचा अर्थ येथे वेषापेक्षा वर्णातून अधिक उमगतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. ती सारेच मृदू करते. क्रूसावरील वेदनेला जी धार हवी, ती अशा धूसर छटांत बोथट होण्याचे भय असते.

तरीही नवशिक्यांनी फोन्सेकांकडून एक गोष्ट अवश्य घ्यावी. आपली मुले मरियेच्या मुखासाठी पेटीतला तयार गुलाबी रंग शोधतात आणि शेतासाठी तयार काळा. जऊळक्याकडची जमीन आपण काळी म्हणतो खरे, पण नुसता काळा रंग फासला तर ती निर्जीव दिसते. तपकिरीत निळा मिसळला की तीच माती ओली भासते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांच्या हाती केवळ तीन रंग द्यावेत आणि शेजारी बसलेल्या सोबत्याचा वर्ण त्यांतून साधावयास सांगावे. मरियेचे मुख त्यानंतर रंगवावे.