‘आमची सहल’ : एका शालेय निबंधाची चिकित्सा

नववी-दहावीच्या वर्गांना मराठी शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्या काळात एकाच विषयावरचे किती निबंध तपासले याची मोजदाद नाही. त्या विषयाचे नाव ‘आमची सहल’. कधी तो ‘मी पाहिलेला किल्ला’ या नावाने येई, कधी ‘शिबिरातील एक दिवस’ म्हणून. आतला मजकूर मात्र ठरलेला. पहाटे एसटी सुटते, मुले भेंड्या लावतात, किल्ला येतो, सर इतिहास सांगतात, डबे उघडले जातात, सूर्य अस्ताला जातो आणि पाखरे घरट्याकडे निघाली की मुलेही घराकडे निघतात. शेवटच्या ओळीत सहल ‘कायमची स्मरणात राहते’. प्रत्यक्षात ती किती राहिली हे पुढच्या आठवड्यात विचारले, तर ज्याला बसमध्ये उलटी झाली त्याचे नाव तेवढे सगळ्यांना आठवत असे. निबंधात ती उलटी कधीच नसे.

शालेय निबंधाला आपण साहित्यप्रकार मानत नाही, म्हणून त्याची समीक्षाही करत नाही. पण शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येक मराठी माणसाने हा निबंध एकदा तरी लिहिलेला असतो. अनुभवाचे भाषेत काय करायचे, याचा पहिला धडा अनेकांना तिथेच मिळतो. त्या धड्याची चिकित्सा करावी, हा या लेखाचा हेतू. माझा मुद्दा थोडक्यात असा : माध्यमिक शाळेतल्या सहली, शिबिरे, श्रमदान यांच्या अपयशाची कारणे आपण पैसा, वेळ आणि परवानग्या यांत शोधतो. ती कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. सहल निघण्याआधीच तिचा निबंध लिहून झालेला असतो, हे त्याहून मोठे कारण आहे.

इतर, सह, पूरक

आधी शब्दांकडे पाहू. वर्गाबाहेरच्या उपक्रमांना आपण एके काळी ‘अभ्यासेतर’ म्हणत होतो. मग ‘सहशालेय’ आणि ‘अभ्यासपूरक’ हे शब्द रुळले. ‘इतर’ म्हणजे बाहेरचे, ‘सह’ म्हणजे सोबत चालणारे, ‘पूरक’ म्हणजे उणीव भरून काढणारे. शब्दागणिक दर्जा वाढत गेला, पण तिन्ही शब्दांत केंद्रस्थानी अभ्यासच राहिला आणि बाकीचे त्याच्या नात्याने ओळखले गेले, लग्नपत्रिकेत दूरच्या नातेवाइकांची नावे खाली येतात तसे.

याला छेद देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा मानला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर अभ्यास आणि अभ्यासेतर यांत कडक भिंत नको असेच म्हणते आणि सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगते. कागदावर ही परंपरा भक्कम आहे. वेळापत्रकात मात्र कार्यानुभवाचा तास हा गणिताचा मागे पडलेला भाग पुरा करण्याचा तास होता. मी स्वतः तो व्याकरणासाठी मागून घेतलेला आहे, आणि तो देणाऱ्या सहकाऱ्यालाही काही गमावल्यासारखे वाटले नाही.

साहित्याने दिलेला निकाल

मराठी साहित्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले? धोरणांनी जे झाकले, ते साहित्याने बरेचसे उघडे केले आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, पण आपल्याला आठवतो तो सायकलवरचा. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ हे शीर्षक वाचले की शाळेची सहल डोळ्यांसमोर येत नाही, साहस येते. या मालिकेची सारी ऊर्जा मोठ्यांची नजर चुकण्यात आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले आहेत. नाव ‘शाळा’ असले तरी त्यांचे खरे शिकणे एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून चालते. दोन्ही पुस्तकांचा पिंड पूर्ण वेगळा. तरीही एका बाबतीत दोन्ही एकच सांगतात : मुले शाळेतून बाहेर पडतात, शाळा त्यांना बाहेर नेत नाही. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ही बाहेरची जागा प्रामुख्याने मुलग्यांची आहे. फेणेची मामेबहीण माली कथांत आहे, तरी तिच्या नावाने मालिका झाली नाही. पडक्या इमारतीत दुपार काढण्याची मुभा मुलींना नव्हती. म्हणूनच शाळेने बाहेर नेणे मुलींसाठी अधिक महत्त्वाचे ठरते. मुलगे शाळेवाचूनही गावभर हुंदडतात. अनेक मुलींना शाळेची सहल हेच घराबाहेर रात्र काढण्याचे एकमेव कारण मिळते.

या निकालाला अपवाद आहेत आणि त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे. पहिला, ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात पोहायला घाबरून माळ्यावर लपलेला श्याम आहे. आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. मारण्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. पण गुरुजी भीती लपवत नाहीत, हे त्या प्रकरणाचे वाङ्मयीन बळ आहे. लपणे, मार, लाज आणि मग पाणी, या क्रमाने ते जातात. ‘आमची सहल’मध्ये कोणी कधी घाबरत नाही.

दुसरा अपवाद व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो. हे काम कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. त्यासाठी माणसे जमवावी लागतात, रुसवे काढावे लागतात, दगड-माती वाहावी लागते. उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेल्या औंधच्या पंतप्रतिनिधींच्या मुलखात तालीमच उभी राहावी, हेही सुसंगत आहे. पण कादंबरी तिथे थांबत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वस्ती उठते. इमारत उभी राहूनही गाव राहत नाही. निबंधलेखनाच्या नियमाने कादंबरी उद्घाटनाच्या दिवशी संपायला हवी होती. माडगूळकरांनी ती पुढे नेली, म्हणून मास्तर काय शिकला हे आपल्याला कळते.

तिसरे उदाहरण जपानचे, पण चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते आता मराठी घरांतले झाले आहे. ‘तोत्तोचान’मधली तोमोए ही प्राथमिक शाळा, तरी माध्यमिक शिक्षकांनी तिच्याकडून घ्यावे असे पुष्कळ आहे. शिबिराची सवय व्हावी म्हणून कोबायाशी आधी शाळेच्या सभागृहातच तंबू ठोकतात. त्यांच्या क्रीडादिनाचे खेळ असे योजलेले असतात की हातपाय आखूड राहिलेला ताकाहाशी जिंकावा. बक्षिसे म्हणजे मुळा, पालक अशा भाज्या. त्या घरी न्यायला मुले लाजतात, तेव्हा ही आपली कमाई आहे हे गुरुजी त्यांना पटवून देतात. उपक्रम आखताना कोबायाशींनी सर्वांत मागे राहणाऱ्या मुलापासून सुरुवात केली. आपल्या क्रीडासंमेलनाची आखणी बहुधा ढालीपासून सुरू होते.

नुसते बाहेर नेणे

‘बाहेर नेले की मूल शिकते’ या भाबड्या समजुतीला जॉन ड्यूईने १९३८ सालीच उत्तर दिले होते. सगळे अनुभव शिक्षण देत नाहीत आणि काही तर पुढच्या शिक्षणाची वाट अडवतात, असे त्याचे प्रतिपादन होते. अनुभव पुढच्या अनुभवाकडे नेतो का, ही त्याची कसोटी. कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा काढली, तिच्यामागेही तातडीची गरज होती. जहाजे बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्क खलाशांइतके तग धरत नाहीत, असे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांना दिसले होते. कौशल्यापेक्षा स्वतःवरचा विश्वास आणि सोबत्यांची जबाबदारी त्यांना शिकवायची होती. तिथला डोंगर आणि समुद्र देखाव्यासाठी नव्हता, मुलांच्या निर्णयाला तिथे परिणाम होता.

आपल्या शैक्षणिक सहलीत मुलाच्या हाती कोणता निर्णय असतो? कुठे जायचे, कधी थांबायचे, काय पाहायचे, सगळे ठरलेले. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर शिक्षकांच्या मनात जी धास्ती बसली ती मी जवळून पाहिली आहे आणि ती रास्तच होती. कोणत्याही मुलाचा जीव कुठल्याही शिक्षणापेक्षा मोठा. पण धास्तीवरचा उपाय म्हणून आपण पाण्याची ओळख करून देणे वाढवले नाही, पाण्यापासून लांब राहणे वाढवले. श्यामच्या आईला कळलेली गोष्ट आपण विसरलो.

तीन गुण

आता माझ्याच वहीकडे येतो. साल लिहीत नाही, तो विद्यार्थी आज पन्नाशीच्या घरात असेल. नववीचा वर्ग रायगडला गेला होता. पैसे भरू न शकलेली सातजणे मागे राहिली. त्यांनी शाळेत यावे असा नियम होता. मी सहलीबरोबर होतो. परतल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्या वर्गाला ‘आमची सहल’ लिहायला दिली. मागे राहिलेल्यांनी काय लिहायचे, हा विचार माझ्या मनात आला नाही. सहाजणांनी निबंधमालेतून उतरवून दिली. सातव्याने लिहिले की मी सहलीला गेलो नाही.

पुढे त्याने त्या दिवसाची हकिकत लिहिली होती. शिपाई मामांनी त्यांना शाळेचा हौद साफ करायला घेतले. पाणी उपसल्यावर खाली किती गाळ आहे हे त्यांनी क्रिकेटचा स्टंप रोवून पाहिले. तो अर्ध्याच्या वर बुडाला. गाळाचा वास आधी नकोसा वाटला, नंतर जाणवेनासा झाला. तळाशी खेकडा निघाला. त्याला ओढ्यात सोडायचे की विहिरीत यावरून दोघांचे भांडण झाले, आणि मामा म्हणाले की तो आला कुठून ते आधी शोधा. मग त्यांना हौदाच्या कोपऱ्यातली फट सापडली. हौद दर उन्हाळ्यात लवकर का आटतो, हे त्या दिवशी सात मुलांना आणि एका शिपायाला कळले.

मी त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला : ‘विषय सोडून लिहिले आहे.’ शाळेच्या वार्षिकांकात रायगडावरचा निबंध छापला. तो अंक माझ्याकडे आहे. त्यात तोफा ‘मूकपणे इतिहास सांगत’ उभ्या आहेत.

त्या मुलाचा निबंध मला आज शब्दशः आठवत नाही, पण त्यातला स्टंप आठवतो. वर सांगितलेल्या तिन्ही पुस्तकांतले गुण त्यात होते. नकोशी गोष्ट त्याने लपवली नव्हती. काम खऱ्या गरजेचे होते आणि त्यातून पुढचा प्रश्न निघाला होता. आणि ते मागे राहिलेल्यांनी केले होते. ड्यूईच्या कसोटीला उतरलेला तो त्या वर्षीचा एकमेव उपक्रम होता आणि त्याची नोंद शाळेत कुठेही झाली नाही. गरीब मुलांना हौद उपसायला लावणे हे शिक्षण, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसा अर्थ कोणी काढला तर माझ्या शेऱ्याइतकाच अन्याय होईल. रायगडला जाणाऱ्यांनाही तो हौद मिळायला हवा होता आणि हौद उपसणाऱ्यांनाही रायगड.

दप्तराविना, पण अहवालासह

दप्तराविना दिवसांचे मी मनापासून स्वागत करतो. भीती एवढीच की दप्तर जाईल आणि अहवाल येईल. उपक्रम झाला याचा पुरावा म्हणून फोटो मागितला, की मुले रोप लावण्याआधी रांगेत उभी राहतात. हा फोटो म्हणजे ‘आमची सहल’चीच नवी आवृत्ती. त्यातही कोणी घाबरत नाही, भांडत नाही, कोणाला उलटी होत नाही.

शिक्षक मित्रांना माझे सुचवणे साधे आहे. सहलीनंतर निबंध देऊ नका, प्रश्न मागा. जे कळले नाही ते प्रत्येकाने एका वाक्यात लिहावे आणि पुढच्या महिन्याचे काम त्यातून ठरावे. जाण्यापूर्वी कोण येऊ शकत नाही हे पाहा आणि आखणी तिथून सुरू करा, मग ठिकाण रायगडऐवजी गावामागची टेकडी झाले तरी चालेल. आणि एखाद्याने ‘मी गेलो नाही’ असे लिहिले तर तो निबंध वर्गात मोठ्याने वाचा.

मी तो वाचला नाही. पुढच्या वर्षी दहावीला सहल नव्हती, त्यामुळे त्याला पुन्हा तसा विषय मिळाला नाही. त्याने नंतर जे निबंध लिहिले ते सगळे विषयाला धरून होते. त्यांना मी सात-आठ गुण देत असे.