नव्या सिस्टरच्या हाती काय द्यावं?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक शुश्रूषेवरचं म्हणून जगभर ओळखलं जातं, पण त्यात औषधांची यादी नाही, उपकरणांची नाही, पट्टी कशी बांधावी याचे धडे नाहीत. त्यात आहेत हवा, उजेड, आवाज, अंथरूण, जेवण, भिंती, भेटायला येणाऱ्यांच्या गप्पा आणि सगळ्यांत शेवटी नजर. १८५९च्या अखेरीला लंडनमध्ये छापलेल्या या लहानशा पुस्तकाची अनुक्रमणिका वाचली तरी कळतं, की बाईंनी आजाऱ्याच्या खोलीत उभं राहून चहूकडे पाहत प्रकरणं मांडली आहेत. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्या स्वतः दीर्घकाळ आजारी होत्या आणि त्यांचं बरंच काम बिछान्यावरूनच चालायचं. म्हणून या पानांत शुश्रूषा करणारीचं ज्ञान आहे, तसं पडून राहिलेल्या माणसाचं सोसणंही आहे. पुस्तकाची खरी गोडी या दुहेरी अनुभवात आहे.

वांद्र्यात हे पुस्तक वाचायला एक ताजं निमित्त नेहमीच असतं. पश्चिमेला भाभा, होली फॅमिली आणि लीलावती, पूर्वेला गुरुनानक, अशी रुग्णालयं थोड्याशा अंतरात आहेत. जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं संपवून, परिचर्या परिषदेत नोंदणी करून एखादी मुलगी पहिल्या पाळीला निघते, तेव्हा आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो: हिला काय द्यायचं? बहुतेक वेळा पाकीट दिलं जातं, नाहीतर ड्रेसचं कापड, नाहीतर नाइटिंगेल यांच्या दिव्याचं चित्र छापलेला मग. यामागच्या मायेत काही उणं नाही. पण कामाला येईल असं द्यायचं असेल, तर त्याचं उत्तर या पुस्तकातून शोधता येतं. त्याची सारी शिकवण परिचारिकेच्या लक्षावर येऊन ठेपते. जी वस्तू तिचं लक्ष रुग्णाकडे मोकळं ठेवते ती तिच्या उपयोगाची. बाकी सगळं शोभेचं.

आवाजाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण बाईंची लेखणी तिथे सर्वांत धारदार आहे. त्यांचा राग मोठ्या आवाजावर नाही, अनावश्यक आवाजावर आहे. दाराबाहेरची कुजबुज, रेशमी घागऱ्याची सळसळ, किल्ल्यांचा खुळखुळाट, करकरणारे बूट यांची त्या एकामागून एक नोंद घेतात आणि प्रत्येकाचा रुग्णावर काय परिणाम होतो ते सांगतात. दारातून बोलू नये, पाठीमागून बोलू नये, पलंगाला टेकू नये, तो हलवू नये, रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावं. सूचना लहान आहेत, पण त्यांतून आजाऱ्याच्या शरीराचा अख्खा नकाशा उभा राहतो: कुठे दुखतं, काय दचकवतं, कशानं थकवा येतो. उपदेश न वाटता तो अनुभव वाटावा, ही या गद्याची करामत.

या प्रकरणातून पहिली भेट सुचते ती बुटांची. वॉर्डात पाळीभर पायांवर राहायचं असतं आणि रात्री दोन वाजता खाटांच्या मधून चालताना पावलाचा आवाज होऊन चालत नाही. म्हणून बूट बंद हवेत, न घसरणाऱ्या रबरी तळव्याचे, पुसता-धुता येणारे आणि न वाजणारे. लिंकिंग रोडवर चपला-बुटांची रांगच आहे, पण ही खरेदी तिला सोबत घेऊन, तीही संध्याकाळी करावी. दिवसभरानंतर पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी नेमका बसलेला बूट पाळी संपताना चावतो. सोबत सुती मोज्यांचे चार जोड आणि पोटऱ्यांना आधार देणारे घट्ट मोजे द्यावेत.

‘पेटी मॅनेजमेंट’ म्हणजे बारीकसारीक व्यवस्थेचं प्रकरण वरवर पाहता घरकारभारावरचं आहे. खोलात गेलं की ते जबाबदारीवरचं निघतं. बाईंचा मुद्दा असा: तुम्ही हजर असताना जे नीट होतं ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था केली नाहीत, तर तुमच्या हजेरीला फारसा अर्थ नाही. रुग्णाला आपण कधी जाणार, कधी येणार हे सांगावं, कारण वाट पाहणं, अनिश्चितता आणि अचानक काही घडण्याची धास्ती यांनी तो श्रमांपेक्षा जास्त खचतो. ‘माझ्यावर जबाबदारी आहे’ म्हणजे सगळं मीच करीन असं नव्हे, तर सगळं होतंय हे मी पाहीन, असा अर्थ त्या लावतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या वॉर्डात ‘ओव्हर’ या नावानं वावरतो. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी ओव्हर देते: कोणाचं सलाइन कधी संपेल, कोणाची लघवी किती झाली, कोणाला उद्या उपाशी ठेवायचं आहे, कोणाचे नातेवाईक रक्त आणायला गेलेत. नवी मुलगी इथेच पहिल्यांदा घाबरते, कारण एका श्वासात सांगितलेलं वीस जणांचं सगळं तिला लक्षात ठेवायचं असतं.

तिला खिशात मावणारी, वरून उलटणारी वही द्यावी. चार रंगांचं पेनही द्यावं. अनेक वॉर्डांत रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईनं करतात. अशी पेनं हरवतात, कोणी मागून नेतं, म्हणून एक नाही, डझनभर द्यावीत. भेट म्हणून ती साधी दिसतील, पण ‘पेटी मॅनेजमेंट’ची अर्धी अंमलबजावणी या दोन वस्तूंवर चालते.

पुस्तकाचा कळस निरीक्षणाच्या प्रकरणात आहे. आजाऱ्याला कसं विचारावं यावर बाईंनी केलेलं विवेचन कोणत्याही वार्ताहरानं, वकिलानं, शिक्षकानं वाचावं असं आहे. ‘रात्र बरी गेली ना?’ हा प्रश्न त्या बाद ठरवतात, कारण त्याचं उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं. विचारायचं ते असं: किती तास झोप लागली, कोणत्या वेळी? पहिली झोप मोडली तर माणूस पुन्हा झोपत नाही. काही तासांनी जाग आली तर पुन्हा झोपण्याची शक्यता जास्त, हेही त्यांनी आवाजाच्या प्रकरणात टिपलं आहे. ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरं आहे’ यांतलं अंतर त्या मोजून दाखवतात. निरीक्षणाची सवय जिला लागत नाही तिनं हे काम सोडलेलं बरं, इतक्या स्पष्टपणे त्या बोलतात. वाचताना हे कठोर वाटतं, पण सगळं पुस्तक ज्याच्यासाठी लिहिलंय तो पडून आहे, त्याला स्वतःला सांगता येत नाही, हे ध्यानात आलं की हाच कठोरपणा करुणेसारखा वाटू लागतो.

या प्रकरणाची वस्तू म्हणजे छातीवर उलटं लावायचं घड्याळ. मनगटावरचं घड्याळ हात धुण्याच्या आड येतं आणि त्याच्या पट्ट्यात जंतू राहतात, म्हणून ते गणवेशाला टाचायचं; मान खाली घातली की तिला आकडे सुलटे दिसतात. सेकंदकाटा स्पष्ट असावा. नाडी मोजायला तो लागतो, श्वास मोजायला लागतो, सलाइनचे थेंब मोजायलाही. पाचशे मिलीलीटर सलाइन आठ तासांत द्यायचं आणि संचातून एका मिलीलीटरला वीस थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब हवेत. पंप नसलेल्या वॉर्डात हा हिशेब घड्याळाकडे आणि थेंबाकडे आळीपाळीनं पाहूनच जुळवायचा असतो. बोथट टोकाची पट्टी कापायची कात्री आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासायला खिशातली बारीक टॉर्च, याही तिच्या नजरेच्याच साथीदार. स्टेथोस्कोप मात्र घाईनं घेऊ नये. तो महाग असतो आणि वॉर्डात बहुधा मिळतो. तिची नेमणूक कुठे होते ते पाहून, तिला विचारून मग घ्यावा.

जेवणाच्या प्रकरणात बशीचा एक बारकासा उल्लेख आहे, तो मला फार आवडतो. पेल्यातलं बशीत सांडू देऊ नये, बशी कोरडी असावी. नाहीतर ओल्या तळाचा पेला उचलताना थेंब चादरीवर पडतात आणि आजाऱ्याची जेवायची इच्छाच जाते. अन्न भरपूर असूनही केवळ वेळ न पाळल्यानं, ताट उशाशी तसंच पडून राहिल्यानं माणसं उपाशी राहतात, हे त्यांचं निरीक्षण कोरड्या बशीपाशी येऊन थांबतं. एवढी बारीक गोष्ट कानाकोपऱ्यात न ठेवता मध्यभागी आणणं, हे या लेखनाचं वैशिष्ट्य आहे. गंमत अशी की रुग्णाच्या घासाची वेळ पाळणारी सिस्टर स्वतःचा घास विसरते. तिच्यासाठी गळणार नाही असा डबा, मोठी पाण्याची बाटली आणि दहा मिनिटांत उभ्यानंही खाता येईल असं काही, थालीपीठ, लाडू, भाजलेले शेंगदाणे, हे खरोखर उपयोगाचं.

अंथरुणाच्या बाबतीत बाई सांगतात, की पाठीवर जखमा झाल्या तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. या विधानाचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं, सिस्टरांच्या एका पिढीनं दुसरीच्या हाती सोपवत, त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. अंथरुणावरचं ते छोटं प्रकरण वाचताना केईएमची ती खाट डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो ही कल्पना बाईंना तेव्हा पटत नव्हती. त्यांचा भर घाण, कोंदटपणा आणि सांडपाणी यांवर होता. जंतूंचं शास्त्र पुढे आलं. वांद्र्याच्या गावठाणांतून फिरताना जागोजागी क्रूस दिसतात, त्यांतले बरेच १८९६पासूनच्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ला गेल्या. सेवा करणाऱ्याचा देहही धोक्यात असतो, हे या पुस्तकात फारसं येत नाही. महाराष्ट्रानं ते भोगून शिकलं. म्हणून नव्या सिस्टरला देण्याच्या यादीत मी हेपटायटिस बीच्या लशीला सर्वांत वर ठेवीन. पहिली मात्रा, महिन्यानं दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, आणि नंतर रक्तात संरक्षण तयार झालं का याची तपासणी. सुई टोचण्याचा धोका पहिल्या दिवसापासून असतो, तेव्हा शिकत असतानाच हे झालेलं बरं; राहिलं असेल तर तिच्यासोबत जाऊन पुरं करावं. सतत धुवून हात कोरडे पडतात, फुटतात. बिनवासाचं हातांना लावायचं क्रीमही द्यावं. हातमोजे, मास्क, गाऊन मात्र भेट म्हणून देऊ नयेत. ते पुरवणं रुग्णालयाचं कर्तव्य आहे, आणि ते तिनं हक्कानं मागावेत असंच तिला सांगावं.

बाई भारतात कधी आल्या नाहीत, पण त्यांचा धागा आपल्यापर्यंत पोचलेला आहे. दयाराम गिदुमल यांनी लिहिलेल्या समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या चरित्राला १८९२मध्ये त्यांनी प्रस्तावना लिहिली. याच मलबारी आणि गिदुमल यांनी १९०८मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी सेवासदन ही संस्था काढली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई रानड्यांनी पुण्याचं सेवासदन उभारलं. तिथल्या मुली आणि विधवा ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. परक्याच्या अंगाला हात लावायचं काम भल्या घरच्या बाईचं नव्हे, असं मानणाऱ्या समाजात रमाबाईंनी त्यांना राहायला जागा दिली, पाठीशी उभं राहणारं माणूस दिलं. घरच्यांचा असा आधार आजही हवा असतो, फक्त त्याचं रूप बदललं आहे. रात्रपाळी करून सकाळच्या लोकलनं परतलेली मुलगी दिवसा झोपणार असते. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल. नाइटिंगेल यांचं आवाजाचं प्रकरण घरच्यांनी तिच्यासाठी वाचावं: जाड पडदा लावावा, डोळ्यांवरची पट्टी द्यावी, आणि तिची पहिली झोप कोणी मोडू नये.

पुस्तकात पोकळ धीर देणाऱ्यांवरही एक प्रकरण आहे. ‘काही नाही, होशील बरा’ म्हणणारे आजाऱ्याला एकटं पाडतात, हे बाई स्वतःच्या आजारपणातून बोलतात. नव्या सिस्टरलाही असंच एकटं पाडलं जातं, जेव्हा पहिला मृत्यू पाहून आलेल्या मुलीला ‘सवय होईल’ म्हटलं जातं. तिला बोलू द्यावं आणि ऐकावं.

भेट घेण्याआधीही निरीक्षणाचं प्रकरणच वाट दाखवतं. ‘तुला काही हवंय का?’ असं विचारलं की ‘काही नको’ हेच उत्तर येतं. विचारावं ते असं: गणवेशाला बुटांचा कोणता रंग चालतो, खिसे किती आहेत, पाळी किती वाजता सुटते, मग स्टेशनपर्यंत कशी येतेस, पासची मुदत कधी संपते, शेवटचं जेवण किती वाजता झालं? तिची उत्तरं नीट ऐकली तर यादी आपोआप तयार होते. पुस्तक रुग्णाकडे असं पाहायला शिकवतं; त्याच नजरेनं आपण आपल्या घरच्या सिस्टरकडे पाहिलं, तर ते पुस्तक आपल्याला समजलं असं म्हणता येईल.