शून्य की अज्ञात? घरगुती लिनक्स गेटवेवरील वाहतूक-निरीक्षण सॉफ्टवेअरची चिकित्सा

प्रस्तावना

घरातील दोन-चार संगणक आणि मोबाइल एकाच इंटरनेट जोडणीवर चालवायचे, तर घर आणि बाहेरचे जाळे यांच्यामध्ये एक गेटवे असावा लागतो. अनेक जाणकार वापरकर्ते त्यासाठी बाजूला पडलेला जुना संगणक घेतात, त्यात दोन नेटवर्क कार्डे बसवतात आणि त्यावर लिनक्स चालवतात. २००१ साली आलेल्या लिनक्स कर्नेलच्या २.४ या आवृत्तीत नेटफिल्टर ही यंत्रणा समाविष्ट झाली आणि पत्त्यांचे रूपांतर व पाकिटांची गाळणी ही कामे एकाच सुसंगत चौकटीत आली. गेटवे चालू झाला की पुढील इच्छा स्वाभाविकपणे निर्माण होते. त्यातून किती वाहतूक जाते आणि ती कोणाची असते, हे पाहण्याची ही इच्छा होय.

ही केवळ हौस नव्हे. २००५ नंतर भारतात रुजलेल्या अनेक ब्रॉडबँड योजनांना मासिक वापराची मर्यादा होती व त्यापुढील प्रत्येक मेगाबाइटचे पैसे पडत. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीचा आकडा पडताळण्यासाठी ग्राहकाजवळ स्वतःच्या गेटवेवरील आकड्याखेरीज दुसरा पुरावा नसे. घराच्या आतही हाच आकडा निवाडा करतो. ‘जोडणी कोणी संपवली?’ या प्रश्नाचे उत्तर आलेखावरून दिले जाते आणि एखाद्यावर आळ येतो. म्हणून आलेख चुकला, तर ती चूक केवळ तांत्रिक राहत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, निरीक्षण-सॉफ्टवेअरचे मूल्यमापन त्याच्या आलेखाच्या देखणेपणावरून वा सोयींच्या यादीवरून करू नये. ‘वाहतूक नव्हती’ आणि ‘वाहतूक मोजता आली नाही’ या दोन विधानांतील भेद ते कितपत राखते, हा त्याचा खरा निकष होय. या निकषावर काही परिचित साधनांची येथे चिकित्सा केली आहे.

निरीक्षणाच्या दोन परंपरा

या साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाकिटे पाहणाऱ्यांचा. १९८८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी रचलेला टीसीपीडम्प हा त्याचा आदिपुरुष. १९९८ साली लुका देरी यांनी सुरू केलेला एनटॉप याच वंशातला असून त्याचा उत्तराधिकारी एनटॉपएनजी २०१३ पासून प्रचारात आहे. दुसरा वर्ग गणक वाचणाऱ्यांचा. प्रत्येक जोडणीवरून किती बाइट आले व गेले याचा हिशेब कर्नेल स्वतःच ठेवते. ही साधने ठरावीक अंतराने तो वाचतात आणि दोन वाचनांतील फरक नोंदवतात. टोबियास ओटिकर यांचे १९९५ मधील एमआरटीजी, त्यांचेच १९९९ मधील आरआरडीटूल आणि पुढे आलेले व्हीएनस्टॅट ही या परंपरेची उदाहरणे होत.

पहिल्या वर्गाचे बळ तपशिलात आहे. पाकीट कोणाकडून कोणाकडे गेले हे तो सांगतो. मात्र प्रत्येक पाकीट तपासण्याचे ओझे जुन्या संगणकाला पेलत नाही आणि काही पाकिटे नजरेतून निसटतात. दुसरा वर्ग हलका आहे. पाच मिनिटांतून एकदा एक संख्या वाचण्याला कष्ट पडत नाहीत. परंतु ती संख्या बेरीज सांगते, कर्ता सांगत नाही.

येथे टीसीपीडम्पचा एक साधा गुण नोंदवण्याजोगा आहे. काम थांबवताना तो तीन आकडे छापतो: किती पाकिटे टिपली, किती गाळणीपर्यंत पोहोचली आणि किती कर्नेलने टाकून दिली. तिसरा आकडा म्हणजे साधनाने आपल्या अपुरेपणाची स्वतः दिलेली कबुली. रंगीत आलेख काढणाऱ्या अनेक साधनांत ही कबुली एक तर नसते किंवा सहज दिसणार नाही अशा पानावर असते.

न मोजलेल्याचे काय?

घरगुती गेटवेवरील एक नित्याचा प्रसंग विचारात घेऊ. बाहेरची जोडणी पीपीपीओई पद्धतीची आहे. ती तुटून पुन्हा जोडली जाते तेव्हा लिनक्समध्ये ‘पीपीपी०’ ही जोडणी नव्याने जन्म घेते. नाव तेच राहते. पण तिचा अंतर्गत अनुक्रमांक बदलतो व गणक शून्यापासून सुरू होतो. या एकाच घटनेला वेगवेगळी साधने काय प्रतिसाद देतात, ते पाहणे उद्बोधक आहे.

एमआरटीजीच्या संरचनेत जुना अनुक्रमांक लिहिलेला असेल, तर त्याला उत्तर मिळेनासे होते. अशा वेळी त्याचे मूळ वर्तन शेवटची ज्ञात किंमत पुन्हा लिहिण्याचे आहे. परिणामी आलेखावर एक सरळ आडवी रेषा उमटते. रात्री तीन वाजता सारे घर झोपलेले असताना वाहतूक मात्र अखंड चालू असल्याचा भास होतो. न कळलेल्या किमतीऐवजी शून्य लिहिण्याचा पर्याय उपलब्ध आहे. पण शून्यापेक्षा सपाट रेषा अधिक चटकन डोळ्यांत भरते, अशी सावधगिरीची सूचना त्याच्या माहितीपत्रकातच आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. सराईत वाचकाला ती रेषा खटकेल. मात्र नवख्याला ती रेषा म्हणजे खरा वापर वाटेल आणि तो दोषी शोधू लागेल.

आरआरडीटूलने या बाबतीत महत्त्वाचे पाऊल टाकले. त्याच्या नोंदपद्धतीत ‘अज्ञात’ ही स्वतंत्र किंमत आहे आणि तिच्या जागी आलेखात रिकामी जागा राहते. तथापि तेथेही एक सापळा आहे. विदास्रोताचा प्रकार ‘काउंटर’ ठेवला असेल आणि नवी संख्या जुनीपेक्षा लहान आली, तर ३२ बिटांचा गणक भरून उलटला असे आरआरडीटूल गृहीत धरते. समजा, जोडणी तुटण्यापूर्वी गणक ३० कोटी बाइटांवर होता. पुनर्जोडणीनंतर उलटण्याचे गृहीत धरले, तर सुमारे ३९९ कोटी बाइट वाहून गेल्याचा निष्कर्ष निघतो. पाच मिनिटांत हे बसवले, तर वेग १०६ मेगाबिटांच्या घरात जातो. दोन मेगाबिटांच्या जोडणीवर असा सुळका दिसणे म्हणजे गणिताने केलेला विनोदच. प्रकार ‘डिराइव्ह’ करून किमान मर्यादा शून्य ठेवली, किंवा कमाल मर्यादा जोडणीच्या खऱ्या वेगाइतकी दिली, तर हीच नोंद ‘अज्ञात’ ठरते. उपाय साधनातच आहे. तो योजण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर टाकली आहे.

याउलट गणक खरोखरच उलटतो तेव्हाची अडचण निराळी. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटांच्या अखंड वेगाला त्यासाठी सुमारे ५ मिनिटे ४४ सेकंद लागतात. १ गिगाबिटला अवघी ३४ सेकंद. पाच मिनिटांनी वाचन करणारे साधन सुमारे ११४ मेगाबिटांच्या पुढे गणक किती वेळा उलटला हे सांगू शकत नाही. येथे सुळका दिसत नाही, उलट वाहतूक कमी दिसते. जितका वापर अधिक तितका आलेख शांत, असा हा उलटा न्याय होय. ६४ बिटांचे गणक वाचणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

व्हीएनस्टॅटमध्ये जोडणीचा कमाल वेग नोंदवण्याची सोय आहे. दोन वाचनांतील फरक त्या वेगात न बसणारा असेल, तर ती नोंद नाकारली जाते. खोट्या सुळक्यांवर हा इलाज चांगला आहे. पण जुन्या जोडणीसाठी लिहिलेली मर्यादा जोडणीचा वेग वाढल्यानंतरही तशीच राहिली, तर खरी वाहतूकच खोटी ठरून गळते आणि महिन्याची बेरीज निमूटपणे कमी भरते.

कोणत्या दारावर उभे राहून मोजायचे?

गेटवेला किमान दोन दारे असतात आणि दोन्हींवरील मोजणी सारखी नसते. बाहेरच्या दारावर पत्त्यांचे रूपांतर झालेले असल्याने घरातील सर्व यंत्रे एकाच पत्त्याची दिसतात. ‘कोणी किती वापरले’ याचे उत्तर तेथे मिळणे शक्यच नाही. आतल्या दारावर यंत्रे ओळखू येतात; परंतु गेटवेने स्वतःसाठी उतरवून घेतलेली अद्यतने तेथे दिसत नाहीत. गेटवेवर स्क्विडसारखा साठवणारा मध्यस्थ असेल, तर आतली बेरीज बाहेरच्यापेक्षा जास्तही भरते. टीसीपीडम्पला सर्व जोडण्या एकदम पाहायला सांगितल्यास एकच पाकीट आत, ‘पीपीपी०’ वर आणि खालच्या इथरनेटवर असे तीनदा मोजले जाऊ शकते. शिवाय ४० बाइटांची पोचपावती इथरनेटवर जाताना पीपीपीओईचे ८ व इथरनेटचे १४ बाइट धरून ६२ बाइटांची होते. गिगाबाइट दशमान धरायचा की द्विमान, या एका निवडीनेच ७.४ टक्क्यांचा फरक पडतो. बिलाचा वाद घालण्यापूर्वी कंपनी कोणत्या दारावर व कोणत्या मापाने मोजते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कर्नेलमधील सुधारणांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला आहे. २०१८ मधील ४.१६ या आवृत्तीपासून प्रस्थापित प्रवाहांसाठी जलदमार्गाची सोय आली. ती चालू असेल, तर फायरवॉलच्या अग्रेषण-नियमांवरील गणकांना प्रवाहातील आरंभीची पाकिटेच दिसतात, उरलेली बाजूने निघून जातात. यंत्रांची ओळखही आता स्थिर नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून मोबाइल वायफायवर मूळ हार्डवेअर पत्त्याऐवजी यादृच्छिक पत्ता वापरू लागले. पत्त्यावरून माणूस ओळखण्याचा जुना प्रघात यामुळे अधिकच अविश्वसनीय झाला आहे.

दोषशोधनाचा क्रम

वरील विवेचनावरून दोषशोधनाची दिशा स्पष्ट होते. आलेख विसंगत दिसला की बहुधा सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले जाते. यात जुन्या नोंदी जातात आणि दोष राहतो. त्याऐवजी आलेखाकडून मुळाकडे जावे. प्रथम कर्नेलचा गणक थेट वाचावा, एक ज्ञात आकाराची फाइल उतरवावी आणि गणक तेवढाच वाढतो का हे पाहावे. येथे मेळ बसला, तर दोष कर्नेलच्या वरच्या थरात आहे. मग साधन ज्या जोडणीचे नाव वा क्रमांक वाचते ती आजही अस्तित्वात आहे का, हे तपासावे. सिस्टमडीच्या २०१३ मधील बदलानंतर अनेक वितरणांत ‘इथ०’ सारखी नावे बदलली, त्यामुळे आवृत्ती अद्ययावत केल्यावर साधन नसलेल्या दारावर पहारा देत बसल्याचे आढळते. त्यानंतर घड्याळ पाहावे. वेळ मागे सरकली, तर आरआरडीटूल नवी नोंद स्वीकारत नाही. सर्वांत शेवटी आलेखाच्या मांडणीकडे वळावे.

समारोप

येथे तपासलेल्या साधनांपैकी एकही निर्दोष नाही आणि एकही टाकाऊ नाही. एमआरटीजी मौन लपवते. पण ते का, हे सांगते. आरआरडीटूल मौनाला नाव देते, मात्र योग्य संरचना मागते. व्हीएनस्टॅट काटकसरी आहे, परंतु त्याचा संशय कधी कधी खऱ्यावरच पडतो. टीसीपीडम्प आपल्या चुकांची संख्या सांगून थांबतो. ज्या घरात आलेखावरून बिलाचा वाद घातला जातो अथवा एखाद्या सदस्याला बोल लावला जातो, तेथे निर्णयापूर्वी एक प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे: या साधनाला कळले नसते, तर त्याने काय दाखवले असते? ज्या आलेखाबाबत या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याला पुरावा मानणे उचित ठरणार नाही.