साक्ष आणि ऐकीव

कीर्तन-प्रवचनास सरावलेल्या आमच्या वाचकांस वक्त्याच्या अधिकाराची कल्पना नवी नाही. पाठांतर, बहुश्रुतता आणि गुरुमुखातून घेतलेली विद्या यांवाचून सभेपुढे उभे राहणे धाष्टर्याचे समजले जाते. अमेरिकेतील मॉर्मन पंथाने आपल्या साप्ताहिक उपासनेपुरती ही अटच काढून टाकली. तिच्यावाचून वक्तृत्वाचे काय होते, हे पाहण्याजोगे आहे.

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेल्या या पंथाचा कारभार यूटातील सॉल्ट लेक सिटी येथून चालतो. स्थानिक मंडळीस ‘वॉर्ड’ म्हणतात. तिचा प्रमुख जो बिशप, तो वेतन घेत नाही. आपला व्यवसाय सांभाळून तो हे काम करतो. रविवारी पाव आणि पाणी यांचा प्रसाद वाटून झाला की मंडळीपैकीच दोघे-तिघे बोलतात. त्यांत शिक्षक असेल, हिशेबनीस असेल, गृहिणी असेल, शाळकरी मुलगाही असेल. बिशप आणि त्याचे दोन सल्लागार वक्ते नेमतात आणि बहुधा विषयही देतात. प्रौढ वक्त्याने सामान्यतः दहा-पंधरा मिनिटे बोलावे, येशूच्या नावाने समाप्ती करावी आणि सभेने ‘आमेन’ म्हणावे, असा रिवाज आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुधा उपवास असतो. त्या दिवशी वक्ता नेमलेला नसतो. ज्यास वाटेल त्याने उठून आपल्या श्रद्धेची ‘साक्ष’ द्यावी.

या व्यवस्थेचा मोठा गुण हा की, ती बोलणे ही दैवी देणगी न मानता पाळी मानते. आजचा श्रोता उद्याचा वक्ता असल्यामुळे अडखळणाऱ्याची तेथे थट्टा होत नाही. धर्मप्रचारार्थ निघणारा तरुण जाण्यापूर्वी मंडळीपुढे बोलतो आणि परतल्यावर पुन्हा बोलतो. त्याची वाढ त्या दोन भाषणांमधील अंतरावरून सर्वांस मोजता येते. व्यावसायिक उपदेशकाच्या सफाईदार प्रवचनात हे सुख नाही.

परंतु दोषही येथेच उगवतो. दरवर्षी एप्रिल व ऑक्टोबरमध्ये पंथाची सार्वत्रिक परिषद भरते. वॉर्डातील वक्त्यास पुष्कळदा तेथील एखादे भाषणच विषय म्हणून दिले जाते, आणि तो बिचारा वरिष्ठांची वाक्ये वाचून आपली मिनिटे भरतो. आम्हां वकिलांस येथे आपला जुना नियम आठवतो. साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, दुसऱ्याने सांगितलेले ते ऐकीव, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे तत्त्व त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही सोडलेले नाही. ‘हा पंथ सत्य आहे हे मला ठाऊक आहे’ अशा अर्थाचे वाक्य साक्षीच्या रविवारी मुखामागून मुखातून येते. ते कशावरून ठाऊक झाले, हे मात्र थोडेच सांगतात. एखादी विधवा पतीच्या आजारपणात केलेली प्रार्थना आणि तरीही आलेला मृत्यू यांविषयी बोलू लागली, तर ती खरी साक्ष होय. तिच्या श्रद्धेशी सहमत नसलेल्यासही ती ऐकावीशी वाटेल.

मग अशी साक्ष विरळ का? आमच्या मते, याचे उत्तर वक्त्याच्या कुवतीत नसून सभेच्या नियंत्रणात आहे. स्त्रिया वॉर्डात बोलतात. पण पौरोहित्य पुरुषांकडेच असल्यामुळे वक्ते नेमण्याचा अखेरचा अधिकार पुरुषाकडेच राहतो. सार्वत्रिक परिषदेच्या सर्वसाधारण सत्रात स्त्रीच्या मुखातून प्रार्थना प्रथम ऐकू आली ती एप्रिल २०१३ मध्ये. मे २०१७ मध्ये यूटातील एका साक्षीच्या सभेत एका अल्पवयीन मुलीने आपणांस मुलींविषयी प्रेम वाटते असे सांगितले, तेव्हा तिचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. उपासना हे वादाचे स्थळ नव्हे, हा आक्षेप आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही. प्रत्येक सभेस मर्यादा हवीच. तथापि त्या मुलीने वाद घातला नव्हता, स्वतःच्या मनाचे वृत्त सांगितले होते. ज्या व्यासपीठावर सर्वांस साक्षीसाठी पाचारण केले जाते, तेथे प्रत्यक्ष साक्ष थांबवावयाची आणि ऐकीव मात्र ‘आमेन’ म्हणून स्वीकारावयाचे, हा उलटा न्याय झाला.

सामान्य माणसास वाणी देण्याचे मोठे काम या पंथाने केले आहे. त्या वाणीस स्वतःचे शब्द वापरू देण्याचे काम अद्याप उरले आहे.